मागं सरकलेलं चालतं

रविवार, १० नोव्हेंबर

संघर्ष आज माझ्याशी बोलला! म्हणजे ओरडला. पण माझ्याकडे बघून ओरडला.

‘‘सर, हातावर मारलं की तिनं!’’

बास्केटबॉलमध्ये हात चेंडूवर असेल तर तो चेंडूचाच भाग धरतात. त्यावर फटका बसला तरी फाऊल नसतो. हे किती जणांना सांगून झालं, एकाला पटलेलं नाही. पण संघर्षला मी उत्तर दिलं नाही. मला रेफरिंग शिकवणाऱ्या सावळाराम सरांनी माझ्या हातात शिट्टी दिली तेव्हाच बजावलं होतं — कोचनं प्रश्न विचारला तर एका वाक्यात उत्तर द्यायचं. विधान केलं तर ऐकायचं आणि सोडून द्यायचं. ‘हातावर मारलं की’ हे विधान. सोडून दिलं.

संघर्ष दौंडच्या मुलींचा कोच. माझा सख्खा धाकटा भाऊ. भावाच्या संघाची मॅच भावानं घ्यायची नसते. पण आमच्या संघटनेचे सेक्रेटरी मच्छिंद्र आप्पा म्हणतात, ‘‘तुम्ही दोघं बोलत न्हाई, हे दोन तालुक्यांना म्हाईत हाय. मग पक्षपात कसला? उलट तूच बरा!’’ त्यामुळे दर हंगामात त्याच्या मॅच मला मिळतात. एरवी मी त्याला कुठं बघणार?

शिरूरला परत आलो, कुलूप काढलं. मैदान सोडल्यापासून कंडक्टरशी काय बोललो तेवढंच.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

भाजी करपली. करपलेलीच खाल्ली. नावं ठेवायलाही कुणी नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोपटनं विचारलं, ‘‘तुमचं आन् भावाचं फाटलं कशावरनं? जमीन का?’’

जमीन असती तर बरं झालं असतं. मोजून वाटून घेतली असती. आमचं फाटलं एका फाऊलवरून. पोपटला सांगितलं तर तो हसत सुटला. ‘‘हॅ! फाऊलवरनं कोण अबोला धरतंय व्हय!’’

अकरा वर्षं झाली. दौंडला फायनल होती. दुसरा रेफरी आला नाही, म्हणून मलाच उभं केलं. मॅच संपत आलेली, संघर्षचा संघ एका पॉइंटनं मागे. तो चेंडू घेऊन रिंगकडे घुसला. समोरचा पोरगा त्याच्याकडे तोंड करून मागं मागं जात होता. धडक झाली, चेंडू आत पडला. मी शिट्टी मारली — फाऊल संघर्षचा. बास्केट रद्द! एका मोठ्या कंपनीच्या संघाचे लोक त्याला बघायला आले होते. निवड झाली असती तर पक्की नोकरी होती. ते उठून गेले.

‘‘तो हलत होता, दादा! हलत होता की!’’

तेच शेवटचं ‘दादा’.

सगळ्यांची समजूत तीच. अडवणारा खांबासारखा उभा पाहिजे, हलला की चूक त्याची. तसं नाहीये! समोर तोंड करून, दोन्ही पाय टेकून त्यानं आधी जागा घेतली, की मग मागं सरकलेलं चालतं. बाजूला सरकलेलंही चालतं. घरी जेवताना मी नियमांचं पुस्तक उघडून पान दाखवलं. आई म्हणाली, ‘‘आरं पुस्तक ठिव, भाकरी खा.’’ संघर्ष भरल्या ताटावरून उठला. पुढं मी शिरूरला खोली घेतली. लग्नाचंही राहून गेलं.

आजही मी तोच निर्णय देईन. तो बरोबरच होता. पण बरोबर असण्याचा मला एवढा कंटाळा येईल असं वाटलं नव्हतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

आज त्यानं प्रश्न विचारला!

चेंडू बाहेर गेला, घड्याळ थांबलं. तो रेषेपाशी आला. ‘‘सर, तिचा बॉल रिंगला लागलाच न्हाई, आन् तिनंच परत धरला. ट्रॅव्हलिंग न्हाई का?’’ ट्रॅव्हलिंग म्हणजे चेंडू हातात धरून नियमाबाहेर पावलं टाकणं.

‘‘शॉट मारला होता, कोच. आपला आपण पकडता येतो.’’

एक वाक्य द्यायचं, दोन झाली. थोड्या वेळानं परत — ‘‘बॉल धरून खाली पडली तर, सर?’’ म्हटलं, ‘‘पडलेलं चालतं. बॉल घेऊन उठलेलं नाही.’’ मान डोलावून गेला.

हे त्याला माहीत नाही? शाळेमागच्या मैदानावर मीच शिकवलंय सगळं! पडून दाखवलं होतं, गुडघा फुटला होता माझा. मग विचारतो कशाला?

सोमवार, १८ नोव्हेंबर

नसेल माहीत. विचारू दे. पुढच्या रविवारी परत त्याचीच मॅच आहे. शिट्टी गरम पाण्यानं धुवून ठेवली.

रविवार, २४ नोव्हेंबर

वाईट झालं.

आठवडाभर खोकला, त्यात धुळीचं मैदान. दौंड विरुद्ध तळेगाव ढमढेरे. घड्याळ थांबलं की संघर्षचा प्रश्न तयार! मीही उत्तरं देत सुटलो. शेवटी तळेगावच्या कोच धनश्री मॅडम म्हणाल्या, ‘‘सर, त्यांचंच ऐकून घेताय. आमी काय नुसत्या टाळ्या वाजवायला आलोय?’’

खरं बोलल्या. मी संघर्षला तळहात दाखवला. ‘‘कोच, आता पुरे.’’ ही ताकीद असते. यानंतर बोललं की टेक्निकल फाऊल, तोही कोचच्या नावावर.

तेवढ्यात मला उबळ आली, शिट्टी तोंडातून निसटली. आणि बाकावरून त्याचा आवाज — ‘‘खोकला झालाय का, सर?’’

लोक हसले. मी टेक्निकल दिला. दोन्ही हातांचा टी करून, सगळ्यांसमोर. तो खाली बसला. मॅच संपेपर्यंत मान वर केली नाही.

डिवचत होता. दुसरं काय!

बुधवार, २७ नोव्हेंबर

सुट्टी होती, आईला भेटून आलो. ती संघर्षकडे राहते. त्याच्या प्रॅक्टिसची वेळ बघूनच मी जातो.

आईनं फळीवरून औषधाची बाटली काढली. ‘‘संघर्षनं आणून ठिवलीय. म्हणला, दादा लई खोकतोय. आला की दे.’’

‘‘कधी म्हणाला?’’

‘‘रविवारी. मॅचवरनं आला तवाच.’’

टेक्निकल खाऊन माझं औषध आणायला गेला! आणि घरात अजून दादाच म्हणतो. चहा ठेवते म्हणत होती आई, मी थांबलो नाही. एसटीत खिडकीकडे तोंड करून रडलो. शेजारचे आजोबा म्हणाले, धूळ लई हाय, काच लावा.

रविवार, १ डिसेंबर

त्याची मॅच. एक शब्द नाही. ‘सर’सुद्धा नाही. दोनदा मुद्दाम त्याच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो.

शुक्रवार, ६ डिसेंबर

विहारात जाऊन मेणबत्ती लावली. लहानपणी आई दोघांना दोन मेणबत्त्या द्यायची, तरी आम्ही एकच दोघांनी धरून लावायचो. दुसरी खिशात.

रविवार, ८ डिसेंबर

फायनल. दौंडलाच. समोर परत तळेगाव. जिंकणारा संघ बाहेरगावी मोठ्या स्पर्धेला जाणार, म्हणून गर्दी.

शेवटचे काही सेकंद. दौंड एका पॉइंटनं मागे. संघर्षची कॅप्टन माया चेंडू घेऊन घुसली. तळेगावची मुलगी मागं सरकत होती. तोंड समोर. पाय आधीच टेकलेले. धडक झाली. चेंडू आत!

असं दोनदा कसं होतं माणसाच्या आयुष्यात? शिट्टी वाजली होती. मीच वाजवली होती. मूठ तळहातावर आपटून दाखवली — फाऊल मायाचा. बास्केट रद्द.

मैदान पेटलं. ‘‘हलत होती ती!’’ ‘‘भावाला दुसऱ्यांदा बुडवलं यानं!’’ हरकत घ्यायची तर कॅप्टननं स्कोअरशीटवर सही करायची असते. कुणीतरी मायाच्या हातात पेनही दिलं. पोरगी हुंदके देत संघर्षला म्हणाली, ‘‘सर, ती हलत होती ना? तुमीच सांगा!’’

त्यानं पेन तिच्याकडून काढून घेतलं. ‘‘हलत होती. पण जागा तिनं आधी घेतली, माया. मागं सरकलेलं चालतं.’’

मग गर्दीकडे वळला. त्याचा आवाज फाटला. ‘‘मागं सरकलेलं चालतं! रेफरी बरोबर हायेत! गप बसा!’’

मी शीटवर सही केली ती कशी केली, ठाऊक नाही.

बॅग भरत होतो, तर समोर येऊन उभा राहिला. ‘‘शिरूरची गाडी कवा हाय?’’

प्रश्न होता. एका वाक्यात उत्तर दिलं. ‘‘साडेसातला, न्हावऱ्यावरून.’’

तो बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. ‘‘जेवून जा, दादा.’’

हे विधान होतं. सोडून द्यायला पाहिजे होतं. पण मीच विचारलं, ‘‘आईनं काय केलंय?’’

सोमवार, ९ डिसेंबर

मच्छिंद्र आप्पांना फोन केला. म्हटलं, दौंडच्या मुलींच्या मॅचला इथून पुढं मला लावू नका.

‘‘का रं? भांडण वाढलं का काय?’’

‘‘नाही आप्पा. मिटलं.’’