मिठातला ओंडका

५ जानेवारी २०२५, नळदुर्ग
बदलीच्या गावाला नाक मुरडायचं ठरवूनच आलो होतो, पण खोली झकास निघाली. खिडकीतून किल्ल्याचा बुरूज दिसतो, हवा येते. न्हाणीघर मात्र मी फिनेलनं दोनदा घासलं, तेव्हा कुठे आत पाय ठेवला. इरा म्हणते, या माणसाचं नाक काढून ठेवलं तर तो सुखी होईल.

ती अजून लातूरला माहेरीच आहे. आरोही चार महिन्यांची झाली. बारशाला गेलो तेव्हा ती एवढीशी होती, की घ्यायची हिंमतच झाली नाही. माझी लेक अजून माझ्या मांडीवर बसलेली नाही, याची मला लाज वाटते. २६ला दोघी कायमच्या इकडे येतील. तोवर लेकीसाठी एक गिटार बनवायची. लॅप स्टील म्हणतात तिला. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. विकतचं काही नको, माझ्या हातची हवी.

८ जानेवारी
निम्मं सामान हायवेवरच जमलं. ट्रकच्या इंजिनातली पिस्टनची पिन हीच माझी कांडी. जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्याकडून केसासारखी तांब्याची तार आणली, बंद पडलेल्या स्पीकरचं चुंबक काढलं, तारांचा आवाज पकडायला त्याभोवती ती गुंडाळतो आहे. खुंट्या आणि तारा मात्र सोलापूरहून आणाव्या लागल्या.

लाकूड अडलं होतं, ते ईरण्णांकडे मिळालं. कोपऱ्यावर त्यांचं मटणाचं दुकान आहे, माझा इथला पहिला रविवार तिथूनच सुरू झाला. त्यांच्या वडलांच्या वेळचा, मटण तोडायचा चिंचेचा ओंडका झिजला म्हणून त्यांनी नवा आणला. जुना मागच्या पडवीत मिठात पुरून ठेवलेला. इतकं जड, मुरलेलं लाकूड शोधून सापडायचं नाही. ते द्यायला राजी नव्हते. म्हणाले, आमच्यात ओंडका कामातून काढला की आमुशेपतूर मिठात ठेवतात, मग नदीकाठी पुरतात. मी लेकीचं नाव काढल्यावर विरघळले. एवढंच सांगितलं, “मीठ धुऊ नका, साहेब. लई वर्षं घाव खाल्लेत त्यानं. आमुशेपतूर मीठ ते वढून घेतंय, मग काय करायचं ते करा.”

१० जानेवारी
अमावास्या २९ची. आरोही येणार २६ला. शिवाय ओंडका मिठासकट खोलीवर आणला, तर मिठाला पाणी सुटलं. पिवळट, चिकट, ओंडक्याखाली थारोळं, त्यावर माशा. मला जेवण जाईना. शेवटी उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि ब्रश घेतला आणि मिठाचा कण न् कण धुऊन काढला. आता घर घरासारखं वाटतंय.

मग करवत लावली, रंधा मारला. आतला रंग कच्च्या काळजासारखा निघाला. पण फळी अशी गुळगुळीत झाली, की हात काढवेना.

१४ जानेवारी
संक्रांतीच्या मुहूर्तावर तारा चढल्या. आवाज काय सांगू! कोणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा. संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही.

एक गोष्ट खटकली. लाकूड मांडीवर कोमट होतं आणि त्याला घाम येतो. उठलो तेव्हा पँटवर पांढरी चरबी थिजली होती. शिसारी आली. पँट फेकून दिली.

१७ जानेवारी
रोज चरबी. खाली टॉवेल घातला, प्लॅस्टिक घातलं, तरी ती मांडीपर्यंत पोचते. सोड्यानं कातडी सोलेपर्यंत घासतो, वास जात नाही. जुन्या तुपाला कुबट वास येतो ना, तसा. मांडीवरचे केस झडले. आज मटणाचा पहिलाच घास उलटून पडला.

तरी बसतोच वाजवायला. उजवा हात तारा छेडत नाही आता. उभा होतो आणि कडेनं खाली पडतो. ठक्. पुन्हा ठक्.

२० जानेवारी
मांड्यांवर रेघा उमटल्यात. बारीक, सरळ, एकमेकींना छेदणाऱ्या. रक्त नाही. दाबलं की पांढरं येतं.

मला माझीच किळस वाटते. आंघोळ करताना खाली बघत नाही.

२३ जानेवारी
गिटार फडक्यात गुंडाळून ईरण्णांकडे नेली. मीठ धुतल्याचं कबूल केलं. ते रागावले नाहीत. लाकडाला नख लावलं, हुंगलं. मग म्हणाले, “ह्यात काय न्हाय राहिलं, साहेब. लाकूड रिकामं हाय. कुठं उतरवलं तुमी?”

मी म्हणालो, कुठंच नाही. मांडीवर ठेवत होतो फक्त.

त्यांनी माझ्या मांड्यांकडे पाहिलं आणि मिठाचं पोतं पुढे केलं.

२५ जानेवारी
मिठात बसून आहे. झोंबत नाही. काहीच होत नाही. ईरण्णा म्हणतात, उशीर झाला तरी बसा —

मांड्या टणक झाल्यात. नखानं वाजवलं की लाकडासारख्या वाजतात. सकाळी भानावर आलो तर उजव्या हातात सुरी, आणि हात मांडीवर ठोके देत होता. दुखलं नाही. बरं वाटलं. हेच सगळ्यात घाणेरडं, की बरं वाटलं.

घरातल्या सगळ्या सुऱ्या, विळी, ईरण्णांकडे टाकून आलो. इराला फोन केला, येऊ नकोस, मला त्वचेचा रोग झालाय. म्हणाली, मग तर यायलाच हवं.

पेन हातात असलं की हात शांत राहतो.

२६ जानेवारी
आल्या. मी भिंतीशी बसलो होतो, चादर ओढून. इरा काही विचारायच्या आत वाकली आणि आरोहीला माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, चार महिने मी सांभाळली, आता तू जरा धर. घे म्हटलं, परत घे, तर हसली आणि आत गेली.

उठता येत नाही. मांड्या हलतच नाहीत. ओंडका कुठे हलतो —

आरोही चादरीवर आडवी. हसतेय. चादर ओली होतेय, पांढरी, तिच्या फ्रॉकला —

उजवा हात. लिहितोय. लिहीत राहायचं. पेन आहे तोवर दुसरं काही हातात —

इरा बाहेर आली. तिच्या आईनं पेरू दिलेत. वही ठेव म्हणतेय, किती लिहिशील, दोन पेरू चीर. माहेरहून आणलेली सुरी माझ्यापुढे ठेवली आणि आत गेली. इरा म्हणून हाक मारतोय. नळ चालू आहे. तिला ऐकू

पेन ठेवणार नाही मी. ठेवत नाही. बोटं आपली आपण सुट