आत्याच्या निधनाबाबत आत्यास खुलासा

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. (हा मायना केवळ रूढीने लिहिला आहे असे समजू नये. आठ अंगांपैकी सहा या आठवड्यात खरोखरच रस्त्याला टेकून सोलवटली आहेत; उरलेल्या दोहोंच्या आधाराने हे पत्र लिहीत आहे.) तुझी प्रकृती कशी आहे? हाही प्रश्न रीत म्हणून विचारलेला नाही. मागच्या तिन्ही पत्रांत तू त्याचे उत्तर ‘बरी आहे, तू तुझं बघ’ एवढेच दिले आहेस. एवढ्या त्रोटक उत्तराला कोणताही परीक्षक अर्धा गुणसुद्धा देणार नाही. शिवणवर्ग कसा चालला आहे? नव्या मुलींना कॉलर जमू लागली का, की अजून तूच उसवून पुन्हा शिवतेस?

आईने फोनवर सांगितले की तीन आठवड्यांनी, रविवारी, माझी शर्यत पाहायला तू येणार आहेस. हे ऐकून मला हर्ष व्हायला हवा होता. प्रत्यक्षात हातातला पेला पडला. आत्या, तू येऊ नकोस. कारण ऐकल्यावर तू माझा कान धरशील, हे मला ठाऊक आहे. पण तो धरायलाही तुला इथे यावे लागेल आणि नेमके तेच अडचणीचे आहे. म्हणून घडले तसे, क्रमाने सांगते.

तुला माहीत आहेच की मी ज्या कारखान्याच्या कार्यालयात आहे तिथे वजनकाटे तयार होतात आणि त्यांच्यासोबत द्यायच्या माहितीपुस्तिका मी लिहिते. ‘काटा सपाट पृष्ठभागावर ठेवावा’ हे वाक्य माझे आहे. (पहिल्या आवृत्तीत ते ‘समतल’ होते, तक्रारी आल्या.) मराठीत पहिली आलेली मुलगी म्हणून निरोपाची भाषणे, दिलगिरीची पत्रे, सारे माझ्याच टेबलावर येते आणि सगळे मला ‘पुस्तक’ म्हणतात. दोन महिन्यांपूर्वी इथल्या रुग्णालयाने कॅन्सरच्या गरीब रुग्णांच्या निधीसाठी ट्रायथलॉन ठरवली. पाऊण किलोमीटर पोहायचे, वीस किलोमीटर सायकल चालवायची आणि पाच किलोमीटर धावायचे. आमच्या कार्यालयातून कुणीतरी एकाने उतरावे आणि बाकीच्यांनी त्याच्या नावाने मदत गोळा करावी, असे साहेबांनी ठरवले. जो उतरेल त्याला ओळखीच्यांना पाठवता यावे म्हणून मला एक नमुना पत्र लिहायला सांगितले.

आता माझी चूक कुठे झाली ते पाहा. शाळेत मी फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त लिहिले, पडक्या पुलाचे लिहिले, निवृत्त घोड्याचे लिहिले. सगळी प्रथमपुरुषी एकवचनी. कुणीही कधी मला ‘तू छत्री आहेस का?’ असे विचारले नाही. त्याच भाबडेपणाने मी एका स्पर्धकाचे आत्मवृत्त लिहिले: ‘होय, मी पाण्यात उतरणार आहे.’ शिवाय खाली माझे नाव घातले. (कागदावर नाव न घालण्याचा धोका मी आयुष्यात पत्करलेला नाही.) साहेबांनी ते वाचले आणि सगळ्या शाखांना, माल पुरवणाऱ्यांना, जुन्या गिऱ्हाइकांना पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा सगळे खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. माझ्या मागे कोण आले आहे ते पाहायला मी वळले. मागे कुणीच नव्हते.

इथपर्यंत तू हसत असशील. आता हसू आवरून बस. त्या पत्रात तू आहेस. मला वाटले, आत्मवृत्ताला एखादी प्रेरणा हवी, म्हणून तुझा आजार घातला. तुला न विचारता. तो उल्लेखही खरा नाही. ‘तिने सारे हसतमुखाने सोसले’ असे मी लिहिले आहे. वास्तविक शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी टाके दाखवले तेव्हा तू ‘माझ्या वर्गातली पहिल्या महिन्याची पोरगी याहून सरळ घालते’ असे म्हणाली होतीस आणि ते बिचारे दोन दिवस खोलीत फिरकले नव्हते. पण करुण निबंधात हे बसेना. आणि करुण निबंधाचा शेवट कसा करतात ते तुला सांगायला नको. थोडक्यात, आत्या, शेवटच्या परिच्छेदात तू वारतेस. ‘अखेरच्या क्षणीही तिच्या मुखावर मंद स्मित होते.’ या वाक्यावर हिशेब विभागातल्या तिघीजणी रडल्या.

मी लगेच शुद्धिपत्र तयार केले. तीन मसुदे झाले. तिसरा फार चांगला उतरला. तो घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “माझी थोरली बहीण. तिलाही तपासून घ्यायला वेळ नव्हता. घरात लग्न होतं, मग सुनेचं बाळंतपण होतं. तुम्ही लिहिलंत ना, अगदी तसंच.” मग त्यांनी खिडकीकडे तोंड केले. मी शुद्धिपत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि परत आले. तेव्हापासून ते माझ्या पर्समध्ये आहे.

त्यानंतर सोमवारी कार्यालयाने तुझ्यासाठी दोन मिनिटे उभे राहून शांतता पाळली. मीही पाळली. (तू त्या वेळी बहुधा मशीनवर बसून कुणाला तरी रागावत असशील.) दुसरे मिनिट संपायच्या आत टेबलावर माझा फोन वाजला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘आत्या’ असे उमटले. शेजारच्या टंकलेखिकेने ते वाचले. ती पांढरीफटक पडली. मी म्हटले, “ही दुसरी.” म्हणजे पाहा, बाबांना एकुलती एक बहीण; ती मी कागदोपत्री मारली आणि फोन उचलता यावा म्हणून एक नवी जन्माला घातली. तू म्हणशील, मग मी दुसरी म्हणून येते. तेही शक्य नाही. माझ्या टेबलावरचा तुझा फोटो साहेबांनी नेला आणि शर्यतीच्या दिवशी घालायला वीस टी-शर्ट छापून आणले. पुढे तुझा चेहरा, खाली ‘स्मरणार्थ’. तू आलीस तर वीस माणसांच्या छातीवरून तूच तुझ्याकडे पाहशील. (शिलाई अतिशय वाईट आहे. बाह्या एकीकडे ओढल्या जातात. तू हे बोलून दाखवल्याशिवाय राहणार नाहीस आणि आपण तिथेच पकडल्या जाऊ.)

एवढे झाल्यावर माघार घेणे मला जमले नाही, म्हणून सरावाला लागले. प्रथम वाटले, तीन प्रकारांपैकी एक निवडायचा असेल. (‘खालीलपैकी कोणताही एक प्रश्न सोडवा’ ही सवलत माणुसकीचा पाया आहे, असे माझे मत आहे.) मी धावणे निवडले. गोदामवाले काका म्हणाले, “पुस्तक, तिन्ही करायचंय. लागोपाठ. मध्ये जेवणाची सुट्टीपण नाही.” त्यांनी मला त्यांच्या मुलीची जुनी सायकल दिली. तिला पुढे टोपली आहे आणि तिचा ब्रेक दाबला की ती थोडा विचार करते. पण दोष सायकलीचा नाही. दोष असा की, आपल्याहून मोठ्या माणसाच्या पाठीमागून घंटी वाजवणे मला उद्धटपणाचे वाटते. मंगळवारी एका अरुंद गल्लीत पुढे एक आजोबा चालले होते. मी ‘जरा वाट देता का’ असे दोनदा म्हणाले. ते मलाही ऐकू आले नाही. मग संपूर्ण गल्ली त्यांच्या चालीने, त्यांच्या मागे, सायकल डुगडुगवत गेले. अखेर त्यांनी वळून विचारले, “बाळ, मघापासून माझ्या मागे का येतेयस?” उत्तरादाखल मी त्यांच्या पायांवर पडले, सायकलीसकट. ते म्हणाले, “औक्षवंत हो, पण बघून चालव.” वरच्या मायन्यातील सहा अंगांचा हिशेब हा असा आहे.

धावण्याची तऱ्हा निराळी. माझ्यासारखी मुलगी पंजाबी ड्रेसमध्ये धावू लागली की ती खेळाडू आहे असे कुणालाच वाटत नाही. घरात कुणाला तरी काहीतरी झाले आहे असे वाटते. कोपऱ्यावरचे औषधांचे दुकानदार पहिल्याच दिवशी धावत बाहेर आले, “कोणाला काय झालं? चिठ्ठी आणलीय का?” मला ‘कोणाला काही नाही’ म्हणता येईना, इतके त्यांचे तोंड उतरले होते. मी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “खोकला कसा आहे?” आता रोज ते माझी वाट पाहतात आणि रोज एक पाकीट मी घेते. माझे धावणे त्या दुकानापर्यंतच होते. घरात चौदा पाकिटे आहेत.

पोहण्याबद्दल कमीत कमी लिहिते. ग्रंथालयातून दोन पुस्तके आणून मी टिपणे काढली, वहीला कागदी वेष्टण घातले, श्वसनाचे प्रकार पाठ केले. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी विचारले, “काही येतं का?” मी सांगितले, “सैद्धांतिक भाग झाला आहे.” त्या म्हणाल्या, “बरं. तो तिथे बाकावर ठेव आणि उतर.” सकाळच्या तुकडीत माझ्याखेरीज पाच निवृत्त आजीबाई आहेत. त्यांतल्या एक पाठीवर तरंगत, डोळे मिटून, सुनेची कागाळी सांगत सबंध तलाव ओलांडतात. एक वाक्यसुद्धा तुटत नाही. पहिल्याच दिवशी मी हात सोडला आणि खाली गेले. मी ओरडले नाही. ‘क्षमा करा, मी बुडते आहे’ असे दोनदा म्हटले. आजीबाईंनी एक डोळा उघडला. “अगं, मग उभी राहा की. पाणी कमरेएवढं आहे.” मी उभी राहिले. “एवढी शिकलेली पोर,” त्या दुसरीला म्हणाल्या, “आणि उभं राहायचं सुचलं नाही बघ.” आत्या, माझ्याविषयी इतके अचूक आजवर कुणी बोलले नव्हते.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. उतरले तर बुडेन, न उतरले तर फसवणूक, खरे सांगितले तर साहेबांचे बहिणीचे दुःख मी एका खोट्या निबंधाने उकरून काढले असे होईल आणि खोटे चालू ठेवले तर तुला कायमचे मृत राहावे लागेल. चारही पर्याय चूक असलेला प्रश्न मला आजवर कुठल्याच परीक्षेत आला नव्हता. तू मला क्षमा करावीस असे म्हणवत नाही. निदान येऊ नकोस, एवढी विनंती.

तुझ्याच जिवावर उठलेली,
भाची

ता. क. : वर ‘सराव’ हा शब्द आला आहे, त्यावरून गैरसमज नको. मी आजवर एकूण अकरा मीटर पोहले आहे. त्यांतून तळाला पाय लागले ते चार मीटर वजा करावेत.

ता. क. २ : येऊ नकोस असे दोन ठिकाणी लिहिले आहे, दोन्ही रद्द समजावे. शेवट करुण व्हावा म्हणून तुला मारले, हेही खोटे आहे. त्या दुपारी नमुना पत्र लिहायला बसण्याआधी आईचा फोन आला होता. म्हणाली, “अगं, तिने तपासणीची तारीख परत चुकवली. दुसऱ्यांदा. म्हणते, हातातलं काम संपलं की जाते.” शिवणकाम कधी संपते का, आत्या? उत्तर येत नसले तरी मी कधी जागा कोरी सोडलेली नाही. या प्रश्नाचे उत्तर येत नव्हते, म्हणून सर्वांत वाईट उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून टाकले. वाटले, एकदाचे सुटेल. सुटले नाही. तेव्हापासून तुझा फोन वाजला की मी आधी तुझा श्वास ऐकते, मग शब्द.

ता. क. ३ : शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी, सकाळी दहा वाजता, इथल्या रुग्णालयात तुझ्या नावाने तपासणीची वेळ घेतली आहे. त्यासाठी अनोळखी माणसाशी फोनवर बोलावे लागले. सात वेळा ठेवून दिला, आठव्यांदा बोलले. जुने रिपोर्ट आण. खोलीत खाट एकच आहे, ती तुझी. तपासणी झाली की दोघी साहेबांकडे जाऊ आणि मी शुद्धिपत्र वाचेन; निकाल यायचा तेव्हा येवो. रविवारी मी पाण्यात उतरणार आहे, उभी राहत राहत का होईना. नाही म्हणायचे असेल तर पत्राने किंवा फोनवर म्हणू नकोस. त्या दोहोंत तू नेहमीच ठणठणीत असतेस आणि मी फसते. समोर येऊन नाही म्हण.