गाळलेलं सातवं प्रकरण

४ जानेवारी १९९७, शनिवार

विमा एजंटाने दिलेली डायरी. पानं गुळगुळीत आहेत. यंदा रोज लिहिणार.

संकल्प: पहाटे उठणे. वर्गात कमी बोलणे. कुकर लावून पेपर वाचत न बसणे. आणि घरात रडकं वातावरण ठेवायचं नाही. सरोजिनी श्रावणात गेली. आता नवीन वर्ष. आसावरी सातवीत आहे, तिच्यापुढे आईचा विषयच काढायचा नाही, म्हणजे पोर आपोआप सावरेल. सावरतेच आहे. काही विचारत नाही.

बारामतीच्या ट्रेनिंगला पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी 'लिटरेचर सर्कल' नावाची मेथड शिकवली. मुलं गोल बसून एक कादंबरी थोडी थोडी वाचतात. प्रत्येकाला रोल. एकजण प्रश्न काढतो, एक सारांश सांगतो, एक चित्र काढतो आणि एकजण पुस्तकातली गोष्ट स्वतःच्या आयुष्याशी जोडून दाखवतो. शिक्षकाने मध्ये तोंड घालायचं नाही. बाकीचे शिक्षक चहा कधी येतो ते बघत होते. मेथड खऱ्या अर्थाने मलाच समजली. बाईंनाही ते जाणवलं असणार.

११ जानेवारी, शनिवार

आमच्या पळसदेवच्या शाळेत सर्कल सुरू. बहुधा तालुक्यात पहिलंच. प्रश्नकर्ता: बुद्धघोष. (नाहीतरी तो गप्प बसत नाही, निदान पद देऊन टाकलं.) सारांश: दिशा. चित्रकार: बाजीराव. दुवा जोडणारी: आसावरी. स्वतःची मुलगी म्हणून नव्हे, तिचं मराठी चांगलं आहे. बाकी वर्ग भोवताली बसून ऐकणार. वर्गात ती मला सर म्हणते. घरी हल्ली काहीच म्हणत नाही, पण त्यात काय, घरी हाक मारायला लागते कुठे. दोघंच तर असतो.

बुद्धघोषला बजावलं, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं तो प्रश्नच नव्हे. हे समजावून सांगण्यात तास संपला. पुढच्या वेळी कमी बोलायचं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या कुशाबाई तिळगूळ घेऊन आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सर, पोरगी लई गप झालीया, जरा तिला इचारा तरी. मी म्हणालो, वय आहे. कुशाबाई म्हणाल्या, कसलं वय, सर? अडाणी बाई आहे, मनाने चांगली.

भात करपला. वर्तमानपत्रात अग्रलेख फार लांब होता.

१९ जानेवारी, रविवार

लायब्ररीत कादंबरीची एकच प्रत. म्हणून मी एकेक प्रकरण स्टेन्सिलवर उतरवतो आणि शिपाई सावळाराम सायक्लोस्टाइलवर प्रती काढून देतो. त्याचे हात कोपरापर्यंत काळे. माझे फक्त बोटांपर्यंत.

कादंबरी छान आहे. वेणूचे वडील रेल्वे फाटकावर गेटमन. वेणू, आई, बाबा, फाटकाशेजारची खोली. सहाव्या प्रकरणात आई आजारी पडते, पॅसेंजर थांबवून तिला दवाखान्यात नेतात. सातव्यात ती जाते. आठव्यात वेणू चूल पेटवायला शिकते.

सातव्याची एक ओळ स्टेन्सिलवर उतरवली. मग पेन नीट चालेना. कागद फाटला. विचार केला, कथानकाच्या दृष्टीने हे प्रकरण तसं अनावश्यक आहे. लांबलंय. मुलांच्या वाचनाचा वेग बघता परवडणारं नाही. गाळलं. आठव्याला सातवा आकडा दिला. संपादन हा शिक्षकाचा अधिकारच आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

सहावं प्रकरण. दिशाने सारांश उत्तम सांगितला. बाजीरावने इंजिन इतकं मोठं काढलं की आई खिडकीत मावेना. बुद्धघोषचा प्रश्न: आईला न्हेताना वेणूला का न्हाय न्हेलं? प्रश्न चांगला. मीच उत्तर दिलं, लहान मुलांना दवाखान्यात नेत नाहीत, ते योग्यच आहे. मध्ये बोलायला नको होतं, पण मुद्दा महत्त्वाचा होता.

आसावरीचा कागद कोरा. आळस. घरी बोललो नाही, कारण घरी शाळेचं काही काढायचं नाही असा नियम केला आहे. शाळेत घरचं काढायचं नाही असाही आहे. त्यामुळे बरेच विषय कमी झालेत.

८ फेब्रुवारी, शनिवार

अडचण. मुलं म्हणतात, सर, आई दवाखान्यातनं आली का न्हाय?

मी म्हणालो, आली असणार. लेखकाने ते अध्याहृत ठेवलं आहे. 'अध्याहृत'चा अर्थ फळ्यावर लिहिला. बुद्धघोष म्हणाला, आई हाय तर मग वेणू भाकरी का थापती? हात का भाजून घेती? मी म्हणालो, आई अशक्त आहे, झोपून असते.

आसावरीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा खाली. कागद कोरा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाजीराव आता प्रत्येक चित्रात आई काढतो. वेणू झेंडा दाखवते, मागे खाटेवर आई. वेणू पाणी आणते, दारातून आई दिसते. शेवटच्या चित्रात तर आई उठून बसली आहे. विचारलं तर म्हणाला, सर, तुमीच म्हणला, हाय म्हणून. आता जरा बरी वाटाय पायजे न्हवं?

दिशाचा सारांश: आई परत आली, पण ती कुणाशी बोलत न्हाय आणि तिच्याशी कुणी बोलत न्हाय.

मुलांची कल्पनाशक्ती चांगली चालली आहे. मेथडचं हे यश मानावं लागेल. आज माझं डोकं दुखत होतं, लवकर निजलो.

९ मार्च, रविवार

धरणाचं पाणी उतरलंय. धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर दिसायला लागलं. आसावरीने आज सहा महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं. देऊळ बघायला जाऊ या का. दरवर्षी सरोजिनी तिला घेऊन जायची, पदरात शेंगदाणे बांधून. मी म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की. कारण शिक्षण विस्तार अधिकारी बावीस तारखेला आमचं सर्कल बघायला येणार आहेत, सोबत केंद्रातल्या इतर शाळांचे शिक्षक. तयारी पाहिजे. तिने समजून घेतलं. फार समजूतदार आहे.

१६ मार्च, रविवार

गेलो नाही. फलक रंगवत होतो.

आसावरी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक वाचत बसली होती, पाठमोरी. कुठलं ते विचारलं नाही. वाचनाची आवड लागली हे बघून समाधान वाटलं.

२२ मार्च, शनिवार, दुपार

लिहून काढतो.

साहेब आले. खुर्च्या भरल्या. मी प्रास्ताविक केलं. थोडं लांबलं. मग मुलं गोल बसली.

दिशाने सारांश सांगितला. बाजीरावने चित्रं दाखवली, साहेबांनी मान डोलावली. मग बुद्धघोष उठला. म्हणाला, ह्याचं उत्तर हो-न्हाय येत न्हाय, म्हणून इचारतो. आई घरात हाय, तर तिच्याशी घरातलं कुणीच का बोलत न्हाय?

मी उत्तर द्यायला पुढे झालो. आसावरी आधी उठली. हातात कोराच कागद होता. म्हणाली, माझा रोल जोडायचा आहे, मी आज जोडते.

म्हणाली, वेणूची आई आलीच नाही. मधलं एक प्रकरण आपल्याला दिलेलं नाही. लायब्ररीच्या पुस्तकात आहे, मी वाचलं.

मग म्हणाली, मला बावड्याला मावशीकडे ठेवलं होतं. सगळे म्हणायचे आई रविवारी येणार. रविवारी एसटीतून बाबा एकटेच उतरले. हातात आईची पिशवी होती. मला वाटलं आईनं खाऊ पाठवला. पिशवीत तिच्या चपला होत्या.

एवढंच बोलली. वर्गात तिने मला पहिल्यांदा बाबा म्हटलं.

बुद्धघोष म्हणाला, आसे, आमाला सांगायचं की गं. मग बाजीरावने खोडरबर काढला आणि चित्रातली आई खोडायला घेतली. फार मन लावून खोडत होता. आसावरी त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, एका चित्रात राहू दे.

मुलं बराच वेळ आपसात बोलत राहिली. बाजीरावची आजी, दिशाचा धाकटा भाऊ, कोण कधी गेलं, कोण रडलं, कोणाला कुणी सांगितलं नाही. मला वाटतं मेथड यालाच म्हणतात. मी उभाच होतो.

जाताना साहेबांनी शेरा लिहिला. उपक्रम स्तुत्य. वाचनसामग्री अपुरी. शिक्षक पूर्ण वेळ मौन पाळतात, ही बाब विशेष उल्लेखनीय.

२३ मार्च, रविवार

सकाळी ठरवलं, आज आसावरीशी सविस्तर बोलायचं. मुद्दे काढले. प्रस्तावना, त्या वेळची परिस्थिती, डॉक्टरांचा सल्ला, पालकाची जबाबदारी, समारोप. कुकर लावला आणि तिच्यासमोर बसलो.

पहिला मुद्दा आठवेना. विचारलं, भूक लागलीय का?

ती म्हणाली, बाबा, हा हो-नाहीचा प्रश्न झाला.

मग मला दुसरा काढावा लागला. विचारलं, मावशीकडे रविवारपर्यंत काय करत होतीस?

म्हणाली, रोज दोन वेण्या घालून बावड्याच्या स्टँडवर जाऊन बसायची. आईला विस्कटलेले केस चालत नाहीत. प्रत्येक एसटी बघायची. दवाखान्यात जाताना आईनं हाक मारली होती, पण ही कशावरून तरी रुसली होती, म्हणून आत गेली, बाहेर आली नाही. आई त्याचाच राग धरून येत नाही, असं तिला वाटायचं. अजून वाटतं. कुणाला विचारणार.

सहा महिने हे पोरीच्या पोटात होतं आणि मी म्हणत होतो सावरतेय.

मला सांगायचं होतं की तुझी आई शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती. जातानाच्या त्या रुसव्याचं तर हसून सांगायची. हे मुद्द्यांत नव्हतंच. सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, तिलाच माहीत. दोघंही रडलो. संकल्प मोडला. मग ती आईचं खूप काही बोलत राहिली आणि मी मध्ये बोललो नाही.

देवळाकडे संध्याकाळी जायचं ठरलं. शेंगदाणे भाजायला कुशाबाईंना सांगितलंय, मला ते जमणार नाही.

कुकरकडे लक्ष नव्हतं. भात लागला. वाढताना आसावरीने वरचा पांढरा भात मला वाढला आणि खालचा करपलेला स्वतः घेतला. सरोजिनीही असंच करायची. इतकी वर्षं समोर बसून जेवलो, माझ्या कधी लक्षात आलं नाही.

मी ताटं बदलली. करपलेला भात खरंच खाववत नाही.