तुझ्या कोरियन बाटल्यांचं काय झालं

सोलापूर,
रविवार, ऊन उतरायच्या आधी

आयु. राजश्री हिला,

यशपालचा सप्रेम जयभीम. (तुझ्या नावाआधी ‘आयु.’ मी लग्नपत्रिकेनंतर आत्ताच लिहितोय. पत्र म्हटलं की माणूस आपोआप ताठ बसतो.) इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडं तूही खुशाल असशील असं धरून चालतो, कारण फोनवर तू तसंच सांगतेस आणि आम्हीही तसंच सांगतो. आईचे गुडघे होते तसेच आहेत. धम्मूचा सुळा पडला, तो तिनं तुला फोनवर दाखवला. मला ती अजून रोज दाखवते. उन्हाचं म्हणशील तर दुपारी नळाला जे पाणी येतं त्यात नुसती पत्ती टाकली की चहा होईल. तुझी सर्दी गेली का? तिकडच्या थंडीत खिडकी उघडी ठेवून झोपत जाऊ नकोस. जर्मन लोक झोपत असतील, ते दुधनीच्या उन्हात मोठे झालेले नाहीत.

आता घरात दोन-दोन फोन असताना हा पत्राचा खटाटोप कशाला, असं तू म्हणशील. तर तुझ्याबरोबर नर्सिंग केलेली तुमच्या गावची काव्या तिकडंच रुजू व्हायला निघालीय. तिच्या बॅगेत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी देतोय, त्यातच हे. दुसरं कारण असं की फोनवर मला काही बोलताच येत नाही. तुझा फोन आला की तो आधी धम्मूकडं, मग आईकडं, मग स्पीकरवर आख्ख्या घराकडं जातो. शेवटी माझ्या हातात येतो तेव्हा तुझी ड्युटीची वेळ झालेली असते. मग तू विचारतेस, “जेवलात का?” मी म्हणतो, “हो.” एवढ्या वर्षांचा संसार आणि माझ्या वाट्याला एक ‘हो’ (तोही कधी कधी खोटा, कारण जेवायचं असतं अजून).

तर मुद्दा असा की तुझ्या कोरियन बाटल्या मी वापरतोय. उभी असशील तर बस आणि पुढचं वाच.

तू निघालीस तेव्हा बॅगेचं वजन जास्त भरलं आणि तू काळा मसाला आत ठेवून त्या बाटल्या बाहेर काढल्यास, आठवतंय ना? तिकडं कातडी कोरडी पडते म्हणे, मग तेलकट कातडीच्या बाटल्या तिकडं काय कामाच्या, असं म्हणालीस. तेव्हापासून त्या न्हाणीघरातल्या कप्प्यात ओळीनं उभ्या होत्या. मध्यंतरी आईनं तो कप्पा आवरायला काढला आणि सगळ्या बाटल्या एका पिशवीत भरून दारात ठेवल्या. भंगारवाल्यासाठी. मी कामावरून आलो तर पिशवी दारात. मी म्हटलं, “आई, हे काय? ह्या भरलेल्या हायत की.” आई म्हणाली, “मग लाव तूच. तुझ्या तोंडाला सगळ्यात जास्त गरज हाय.” आता आईनं माझ्या तोंडाबद्दल जे सांगितलं ते तुला नवीन नाही. लग्नात फोटोग्राफरनं माझ्या नाकाला तीनदा पावडर लावली होती, फ्लॅश परत त्याच्याच डोळ्यांत जायचा म्हणून. लोकांचे मुरूम कॉलेजबरोबर सुटतात, माझे नोकरीत कायम झाले. आपल्या बोळात मुरूम टाकायचा राहिलाय तो राहिलाच, तो सगळा माझ्या हनुवटीवर पडलाय. तेव्हा आईचा आदेश मानून मी पिशवी परत आत नेली. वस्तू वाया जाऊ नये एवढाच हेतू, हे तू लक्षात ठेव.

पण राजश्री, त्या बाटल्यांवर इंग्रजीत फक्त नाव आणि बाकी सगळं कोरियन. गोल, काडी, चौकोन, परत गोल. मी बी.कॉम. झालेला माणूस, डिस्पॅचला रोज इतकी चलनं वाचतो, पण मला मागची बाजू कुठली आणि पुढची कुठली तेही कळेना. शेवटी धम्मू आली. पालथ्या बादलीवर बसली आणि म्हणाली, “पप्पा, आई आधी तेल लावायची.” तेल! या तोंडाला! कांदाभज्यावर आणखी तेल ओतण्यासारखं ते. पण पोरीनं ऐकलं नाही. तेल, मग फेस, मग ते पाण्यासारखं, मग ते चिकट, मग थेंबाथेंबाचं, मग मलम, आणि बाहेर पडायच्या आधी उन्हाचं. तुझा सगळा क्रम तिला पाठ आहे. मी आपला चोळायला लागलो तर माझा हात बाजूला करून म्हणाली, “चोळायचं न्हाय. आई अशी थापटायची.” आणि स्वतःच्या इवल्या तळव्यांनी माझे गाल थापटायला लागली, हलके-हलके, डोळे बारीक करून, हुबेहूब तुझ्यासारखी. मी डोळे मिटून घेतले. (तिनं विचारलं तेव्हा फेस गेला म्हणून सांगितलं.)

पहिल्याच दिवशी मी तसाच एमआयडीसीला गेलो. आता तुला आमचं युनिट माहीत आहे. टॉवेलचा कारखाना म्हणजे हवेत कापूस उडत असतो. इतर लोक श्वासातून घेतात, मी त्या दिवशी चेहऱ्यावर घेतला. ते चिकट वाळलंच नव्हतं. मागांमधून फेरी मारून आलो आणि जो-तो बघून तोंड फिरवायला लागला. शेवटी माग दुरुस्त करणारा आमचा जॉबर सिद्राम समोर येऊन उभा राहिला, नीट न्याहाळलं आणि म्हणाला, “काय ओ साहेब, तोंडाला टर्किश फिनिश दिला का?” आरशात बघितलं तर खरंच दोन्ही गाल नव्या नॅपकिनसारखे लुसलुशीत झाले होते. सिद्रामनं ओल्या फडक्यानं पुसायला मदत केली आणि काय लावलंय ते विचारलं. मी खरं ते सांगितलं, गोगलगायीचा चीक, बाटलीवर इंग्रजीत तेवढंच तर वाचता आलं होतं. तो अक्कलकोटच्या खालच्या बाजूचा, घरात कन्नड. आधी त्याला गोगलगाय म्हणजे काय तेच कळेना. मी बोटांनी शिंगं करून दाखवली तसा दचकला. “बसवनहुळु! म्हंजे बसवण्णाचा किडा ओ!” त्याच्या भाषेत गोगलगायीला बसवेश्वरांचं नाव आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. मला वाटलं आता चिडणार. पण तो फडकं पिळत म्हणाला, “जित्तं सोडत्यात की न्हाई त्याला?” सोडत्यात, असं मी ठोकून दिलं. तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. खरं काय असतं ते तुला माहीत असेल तर कळव, तो अधूनमधून विचारतो.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. आठवडा सरायच्या आत माझ्या हनुवटीवर, गालांवर, अगदी कानांच्या पाळ्यांपर्यंत असे फोड आले की आईनं अंगणातला कडुनिंब ओरबाडायला घेतला. नवीन काही लावायचं तर आधी कानामागं थोडं लावून बघायचं असतं, हे धम्मूला माहीत होतं. तिनं सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, काय काय लावता? मी सगळा क्रम सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हटलं, माझ्या मुलीनं. त्या काय करतात? म्हटलं, चौथीत आहे. मग त्यांनी शांतपणे समजावलं की तेलकट, मुरमाड कातडीवर एवढे थर एकदम चढवायचे नसतात. सगळं बंद, साधा फेसवॉश आणि रात्रीला एक जेल. मी मान डोलावली, फी दिली, घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी परत बाटल्या उघडल्या. का, ते विचारू नकोस. जेलही लावतो, म्हणजे डॉक्टरांचाही मान राहिला.

आता त्या रविवारचं. फ्रिजच्या दारात तुझे ते ओले कागद होते, डोळ्यांना आणि तोंडाला भोकं असलेले. फोडांची आग होत होती म्हणून मी एक काढला. आईनं विचारलं, “गार हाय का?” धम्मू म्हणाली, “लई गार हाय, आजी.” “मग मलाबी लाव की.” झालं. पंख्याखाली चटई टाकून आम्ही मायलेक उताणे पडलो. आईचा चेहरा लहान, कागद मोठा, त्यामुळं हनुवटीखाली एक घडी घालावी लागली. आणि तेवढ्यात तुझा व्हिडिओ कॉल आला. धम्मूनं उचलला आणि एक अक्षर न बोलता फोन आमच्याकडं वळवला. मग तू हसायला लागलीस. “अहो, हे काय! आत्या, तुमी पन?” आई ओठ न हलवता म्हणाली, “सूनबाई, हसवू नको, घसरतंय.” मग तर तुला थांबताच येईना. तू तिकडं गेल्यापासून तुझं ते हसणं मी ऐकलं नव्हतं, ते शेवटी खोकल्यासारखं होतं ते. मी कागदाआड नुसता ऐकत पडलो होतो. मग तू तोंडावर हात धरलास, मग नुसतं तुझ्या खोलीचं छत दिसलं, मग कॉल कट झाला. पाच मिनिटांनी तुझा मेसेज आला की नेट गेलं.

राजश्री, नेट गेलं की चित्र अडकतं. ते छत हलत होतं.

आईनं तोंडावरचा कागद काढला, नीट घडी केली आणि म्हणाली, “रडली पोर.” आणि आत जाऊन चहा टाकला. धम्मूला आम्ही नेट गेल्याचंच सांगितलं. त्यानंतर फोनवर ना तू तो विषय काढलास, ना आम्ही. 

तू विचारलं होतंस की करार आणखी एक वर्ष वाढवावा का. स्पीकरवर सगळ्यांनी एका सुरात ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हटलं. त्यात माझाही आवाज होता, आणि तो मी मागं घेत नाही. तू ज्या वॉर्डात उभी आहेस तिथं पोचायला तू काय काय केलंस ते मी बघितलंय. भाकरी थापता थापता जर्मन शब्द पाठ करायचीस, तव्यावरची भाकरी करपायची आणि शब्द मात्र पक्का व्हायचा. तेव्हा वाढवायचा असेल तर खुशाल वाढव. इकडचं सगळं नीट चाललंय. धम्मूच्या दोन वेण्या मला घालता येतात (एक जरा वर होते, बाई काही म्हणत नाहीत). आईचं बीपी मी लिहून ठेवतो. माझं म्हणशील तर मला काही कमी नाही. मी अजिबात तुझ्या वाटेकडं डोळे लावून वगैरे बसलेलो नाही. कामच इतकं असतं.

काव्याचं पार्सल मिळालं की फोन कर. चटणी एकदम संपवू नकोस, आणि तुझ्याबरोबरच्यांना देताना आधी तिखट आहे म्हणून सांग.

तुझा,
यशपाल

ता. क. – धम्मूनं खाली एक चित्र काढलंय. पांढऱ्या तोंडाचे दोघं म्हणजे मी आणि आई. बादली आपली आहे.

ता. क. – एक विचारायचं राहिलं. सकाळी तू धम्मूच्या वेण्या घालत बसलेली असायचीस आणि मी डबा घ्यायला तुझ्या मागून जायचो, तेव्हा एक वास यायचा. गोड नाही, फुलांचाही नाही. मला नीट सांगता येत नाही. तो कुठल्या बाटलीचा? मी सगळ्या लावून बघितल्या. एकेक वेगळी लावून, मग दोन-दोन मिळून, मग धम्मूच्या क्रमानं. हाताला लावून पंख्याखाली वाळवून बघितलं. एकीतही नाही. डॉक्टरांनी बंद करा म्हटलं तेव्हा दोन बाटल्या बघायच्या राहिल्या होत्या. आता राहिल्या नाहीत.

ता. क. – बाटलीचं नाव कळवायची गरज नाही, सोड ते. काव्या सांगत होती की तिकडून कुणी ना कुणी सुट्टीवर येत असतं. त्यांच्याबरोबर तुझा तो रोजचा मफलर पाठवशील का? जुना झाला असला तरी चालेल. फक्त धुऊन पाठवू नकोस.

ता. क. – सोलापुरात मफलर कशाला, असं आई विचारेल. धम्मूच्या शाळेत नाटक आहे असं मी सांगणार आहे. तुला विचारलं तर तूही तेच सांग.