अजून समुद्रावर

प्रिय भिंगरी,

तू येतेस हे कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. खालच्या शिंपीणबाईंना तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, नात येतेय ना, कळलं! त्यांच्या मुलीनं फोनमध्ये बघून सांगितलं, बारा हजार किलोमीटर, चौदा तास. तुझे आजोबा चालवायचे त्या बसनं तीन आठवडे लागले असते, तेही टायर पंक्चर झाला नाही तर. उशीला नवा अभ्रा शिवून घेतलाय, निळा. तुला निळा आवडायचा, की तुझ्या बाबाला? असो, आता निळाच आहे.

आजोबांचा विमानावर कधी विश्वास बसला नाही. रस्ता नाही, मैलाचा दगड नाही, चहाला थांबणं नाही, मग ड्रायव्हरला कळतं कसं कुठवर आलो ते, म्हणायचे. त्यांच्या आजारपणात तुझा बाबा तिकडून निघाला, तेव्हा खिडकीपाशी खुर्चीत बसून सारखं विचारत होते, कुठवर आला गं? मी आपली ठोकून देत होते, आत्ता डोंगर ओलांडले, आता समुद्रावर आहे. मला काय ठाऊक समुद्र कुठे लागतो ते! पण त्यांना बरं वाटत होतं. तो समुद्रावर असतानाच हे गेले. वर विमानात त्याला कोण सांगणार? तो आपला भेटायच्या ओढीनं येतच होता.

घरची रीत तुला माहीतच आहे. बाहेरगावाहून आलेल्यानं उंबऱ्यातूनच पोचलो म्हणून ओरडायचं, त्याशिवाय आजोबा जागचे हलायचे नाहीत. जेवण गार होऊन जायचं, मी करवादायची, पण नाही म्हणजे नाही. त्या दिवशी तुझा बाबा दारात आला, घरभर माणसं बघितली आणि बॅग धरून नुसता उभा राहिला. पुढे दोनदा आला, तेही चोरासारखा, आवाज न करता.

आता हसू नकोस. दुपारी भांडी आवरून बसले की खिडकीपाशी त्यांची रिकामी खुर्ची करकरते. कुठवर आला गं? मी म्हणते, अजून समुद्रावर. कधी मुद्दाम गप्प बसते, तर पुन्हा करकर! मग शिंपीणबाईंच्या सुनेच्या गोष्टी सांगते, गुडघा दुखतो ते सांगते. जिवंतपणी एवढं ऐकून घेत नव्हते गं हे.

फोनवर मी हे तुझ्या बाबाला बोलून बसले, तिथेच घोळ झाला. काल म्हणाला, तू दारातूनच ओरडणार आहेस, आजोबा, पोचले, त्याच्याही वाटचं. म्हणजे आजोबा सुटतील. सुटतील गं, खरंच सुटतील, म्हणून तर तू निघायच्या आत हे पत्र तुला मिळायला हवं. दार उघडंच ठेवते. गुपचूप ये, माझ्या गळ्यात पड, हवं तेवढं रड. तेवढा एक शब्द मात्र उच्चारू नकोस, राणी. मी आहे तोवर बसू दे त्यांना.

तुम्हा सगळ्यांची, पण आज तुझीच,
आजी