राजवर्धनला चंदगडला पाठवण्याबाबत

॥ श्री दत्त ॥
कोल्हापूर, शुक्रवार

तीर्थरूप आक्काताईच्या पायांवर धाकट्या शालनचं डोकं.

तू एसटीतून पाठवलेलं पोतं मिळालं. तांदूळ, नाचणी, हाळीव, काजू, सगळं कोरडं पोचलं. ड्रायव्हरला चहाचे वीस, स्टँडवरून रिक्षाला सत्तर. हमालाने तीस मागितले ते दिले नाहीत, आमच्या सम्राटने पोतं खांद्यावर घेतलं. (त्याची पाठ धरली, बामाची बाटली पंचावन्न. म्हणजे हमालच स्वस्त पडला असता.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? तुमच्याकडे पाऊस लागला की फोन मरतो, म्हणून कागदावर लिहिते. शिवाय हे म्हणाले, असला विषय फोनवर नको, रीतसर पत्र घाल, मी वाचून देतो.

तर विषय असा. आमची सून स्नेहल नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे हे तुला ठाऊक आहे. तिचा नि सम्राटचा राजवर्धन पाच महिन्यांचा झाला, पण बाटली तोंडात धरत नाही. बाळंतपणात तिची दवाखान्यातली हजेरी बुडाली, आता आणखी बुडाली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. वर्ष जाईल. आणि आमच्या घरात बाईमाणसाचं गेलेलं वर्ष परत येत नाही. (मला मॅट्रिक झाल्यावर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाले होते, अजून बघतायत.) त्यात तिची ड्युटी लागली कुठे, तर बाळंतिणींच्या वॉर्डात. रोज सकाळी उभं राहून तिने बायकांना सांगायचं, सहा महिने बाळाला आईच्याच दुधावर ठेवा, पाणीसुद्धा नको. सांगता सांगता कुणाचं पोर रडलं की हिला पान्हा फुटतो. आत रुमालाच्या घड्या ठेवते, तरी पांढऱ्या युनिफॉर्मवर डाग येतोच. ट्युटर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, स्वतःचा युनिफॉर्म नीट ठेवता येत नाही ती पेशंट काय नीट ठेवणार. कॉटवरच्या बायकांनी माना खाली घातल्या म्हणे.

आता माझ्या हातून झालं ते ऐक. स्नेहल जाण्याआधी दूध काढून स्टीलच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवते, ते मी दुपारपर्यंत बाळाला चमच्याने पाजते. ह्यांनाही चहापुरतं दूध तसल्याच डबीत झाकून ठेवायची खोड आहे. काल गुरुवार. घरात पादुकांना अभिषेक. उरलेलं दूध वाया कशाला घालवायचं म्हणून मी फ्रिजमधली डबी उचलली आणि पादुकांवर ओतली. वर तुळस, साखर, आणि तीर्थ वाटलं. हे म्हणाले, आजचं तीर्थ लई गोड हाय. शेजारच्या धोंडुबाईंनी दोनदा मागून घेतलं. (त्या तुला लग्नकार्यात भेटतात. काही बोलू नकोस.) बाळ रडत उठलं, मी फ्रिज उघडला, तर समोर ह्यांची चहाची डबी जशीच्या तशी. आक्काताई, म्हणजे पादुकांवर गेलं ते स्नेहलचं! अनसूयामातेने तिन्ही देवांना पाजलं होतं म्हणून मनाची समजूत घातली, पण दत्त महाराज तीन तोंडांनी प्याले आणि माझ्या नातवाचं एक तोंड उपाशी राहिलं, ते राहिलंच.

बाळाला पदराखाली घेऊन दवाखाना गाठला. दारावर जोतीराम म्हणून लष्करातून सुटलेला माणूस आहे. मी म्हटलं ह्याची आई आत आहे.

“पेशंट हाय?”

“न्हाय, नर्सिंगला हाय.”

“मग न्हाय सोडता येत, मावशी. पेशंट असती तर सोडलं असतं.”

बाळ रडून निळं व्हायला आलं, तेव्हा त्यालाच दया आली. म्हणाला, बाळाचाच केसपेपर काढा, मग कोण अडवतंय. काढला. खिडकीतल्या माणसाने काय होतंय विचारलं, मी सांगितलं भूक. डॉक्टर पोरगेलासा होता, बाळाला तपासलं, आणि वर न बघता म्हणाला, ह्याच्या आईला दुधाचं महत्त्व पटवून द्यायला पाहिजे, बाळंतिणींच्या वॉर्डात एक सिस्टर रोज फार छान समजावते, तिला भेटा. ती सिस्टर म्हणजे आमची स्नेहल! तिने कागद वाचला, बाळ घेतलं आणि खुर्चीत बसून तिथेच पाजायला लागली. तेवढ्यात ट्युटर मॅडम. म्हणाल्या, ही ड्युटी आहे का माहेरपण? मग केसपेपर बघून विचारलं, बाळाची आई कुठे आहे? समजावणारी सिस्टर कोण? स्नेहल म्हणाली, “दोन्ही मीच, मॅडम.” तिची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. वॉर्डाच्या कामात मात्र एका आईला समजावलं म्हणून नोंद झाली.

संध्याकाळी पुरुषांनी ठरवलं. पोराला परीक्षा होईतोवर चंदगडला ठेवायचं. तुझ्याकडे गाय आहे, मोकळी हवा आहे, हात आहेत. सम्राट फोनमध्ये बघत हो म्हणाला. स्नेहल युनिफॉर्म घासत होती, तिला कुणी विचारलं नाही. तरी तू राजवर्धनला ठेवून घ्यावंस, अशी ह्यांची इच्छा आहे.

तुझी
शालन

ता. क. ह्यांनी पत्र वाचलं. तीर्थाच्या ओळीवर आले आणि उठून चूळ भरून आले. बाकी मजकूर ठीक आहे म्हणाले, आणि पाकीट माझ्याकडे देऊन दूध संस्थेच्या मीटिंगला गेले.

ता. क. २. आता माझं. आज तिन्हीसांजेला मी घरामागच्या परड्यात देवासाठी मोगरा खुडत होते, तर स्नेहल मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “आई, दूध आटवायला छातीला मोगरा बांधतात म्हणे. किती दिवस बांधायचा?” मी म्हटलं मला माहीत नाही. आक्काताई, मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे, माझा पहिला पाळण्यातच गेला तेव्हा तूच बांधला होतास.

तेव्हा तू नाही म्हण. वाट खचली म्हण, गाय आटली म्हण, गुडघे गेले म्हण. खोटं तुझं, पाप माझं. मी रोज त्याला घेऊन दवाखान्याच्या दारात बसेन, तिने सुट्टीत येऊन पाजावं. तेवढं वर्ष मी काढीन. फक्त पत्र माझ्या नावाने घालू नकोस, ह्यांच्या नावाने घाल. अक्षर मोठं काढ, ते चष्मा शोधत नाहीत. आणि उलट टपाली घाल, मोगरा आता रोज फुलतोय.