दमा मी बरा केला

१२ एप्रिल २०२०, सकाळ
दम्याचा तोंडात मारायचा पंप बंद. कायमचा. ठसका नावालाही नाही. फोनवर बघून कपालभाती सुरू केली, त्याचा रिझल्ट. सुलू हसत म्हणाली, लॉकडाऊनमुळे समोरचा गाळा बंद आहे ना, म्हणून. समोरचा गाळा म्हणजे स्टीलची भांडी पॉलिश करतात तो. मी तिथेच सुपरवायझर आहे. बायकोला नवऱ्याची प्रगती बघवत नाही.

२६ एप्रिल
गच्चीवरून घोडबंदरचा डोंगर दिसतोय. एवढी वर्षं गोडदेवला राहतोय, पत्ताच नव्हता. टीव्हीवाले म्हणतात गाड्या, कारखाने बंद, म्हणून हवा साफ. असेल बुवा. पण माझ्या छातीत शिरून कोणी बघितलंय?

३ मे, संध्याकाळ
गच्चीवर क्लास सुरू, लांब लांब बसून. विद्यार्थी दोन. दुसऱ्या मजल्यावरचा लीलाधर मला 'सर' म्हणाला! गाळ्यात अजून 'ए महिपत' चालतं. दुसरी कमळाबाई. तिचं म्हणणं, हवाच बरी हाय, शिकवायला काय न्हाय लागत. तिला मागच्या रांगेत बसवलं.

८ जून
गाळा चालू. शेठ म्हणाले ऑर्डरी अडकल्यात, सगळ्या मशीन लावा. सुलू पंप घेऊन मागे लागली. मी सुनावलं, "आज सिद्धच करतो." जेवणाच्या सुट्टीत चालू मशीनशेजारी बसून, मास्क खाली करून कपालभाती केली. धूळ आत गेलीच तर पुढच्या झटक्याला बाहेर. नाकातून काळं आलं. म्हणजे आतली सफाई जोरात आहे. सुलूला सांगितलं तर पोट धरून हसली.

१४ जून
किंचित खोकला. कारण: सुलूची मिरचीची फोडणी. घरात फोडणी बंद.

१६ जून
तीन वेळा बिनफोडणीची डाळ. खोकला तसाच. शेजारच्यांची फोडणी असणार. डोंगर दिसेनासा झालाय, चष्म्याचा नंबर वाढला बहुतेक. पंप? मुळीच नाही.

२१ जून, योग दिन
लीलाधर व्हिडिओ काढणार होता. पहिल्याच झटक्याला असा ठसका लागला की कमळाबाई अंतर-बिंतर विसरून पाठ चोळायला धावली. लीलाधरने फोन खिशात टाकला. क्लास रद्द नाही. पुढे ढकललाय.

२३ जून
अख्खी रात्र बसून काढली. सकाळी सुलूने रिक्षात कोंबलं. मी नाही म्हणत होतो, पण आवाज फुटेना. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? ताठ बसलो, तोंड उघडलं, दमच पुरेना.
सुलूनेच सांगितलं, "योग शिकवतात." मग हळूच, "आणि पोटासाठी पॉलिशच्या गाळ्यात जातात."
डॉक्टर म्हणाले, गाळा सोडा, नाहीतर हे असंच चालायचं.
मी सुलूकडे बघितलं. या वेळी ती हसत नव्हती.